काटमाईला कधी जावे?

प्रश्न : अलास्कातल्या काटमाई राष्ट्रीय उद्यानात अस्वले आणि ज्वालामुखी दोन्ही पाहायचे आहेत. कधी जावे? धोका कितपत?

उत्तर : अस्वलांसाठी जुलै. तेव्हा ब्रूक्स धबधब्यावर सामन मासे उड्या मारत प्रवाहाविरुद्ध चढतात. तपकिरी अस्वले धबधब्याच्या माथ्यावर जबडा उघडून उभी असतात आणि एखादा मासा थेट तोंडातच येऊन पडतो! ऑगस्टमध्ये अस्वले पांगतात. सप्टेंबरात परततात ती चांगली गलेलठ्ठ होऊन, नदीच्या खालच्या अंगाला. हा दुसरा हंगामही तितकाच पाहण्याजोगा.

तिथवर रस्ता नाही. अँकरेजहून किंग सामन आणि पुढे पाण्यावर उतरणारे छोटे विमान. हवा बिघडली की उड्डाण रद्द होते, म्हणून एखादा दिवस हाताशी राखावाच.

धोका आहे, पण नियम पाळणाऱ्याला तो आटोक्यात ठेवता येतो. ब्रूक्स कॅम्पला उतरताच प्रत्येकाला रेंजरकडून माहिती घ्यावी लागते. अस्वलापासून किमान 45 मीटर दूर राहायचे. तंबूंभोवती विजेचे कुंपण असते, तरी खाणे तंबूत ठेवायचे नाही. पिशवीतला चिवडासुद्धा ठरलेल्या कोठारातच. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल माणसाला धोकादायक ठरते आणि त्यात शेवटी त्याचाच जीव जातो.

ज्वालामुखीसाठी एक दिवस वेगळा काढावा. जून 1912 मध्ये नोवारुप्ताचा उद्रेक झाला, विसाव्या शतकातला सर्वांत मोठा. त्याने राखेखाली गाडलेली ‘दहा हजार धुरांची दरी’ ब्रूक्स कॅम्पहून बसने 37 किलोमीटरवर आहे. धूर केव्हाच विरला. राखेत नदीने कोरलेल्या खोल घळी मात्र काठावरून स्पष्ट दिसतात.