पार्सल फोडलंस का गं?

पार्सल फोडलंस का गं? नाही ना! मला ठाऊकच होतं. पुस्तकांचा गठ्ठा आला, पोस्टमनच्या कागदावर सही केलीस आणि तसाच दिवाणाखाली सरकवलास. वर जुन्या साड्यांची पिशवी, म्हणजे येता-जाता नजरेला पडायला नको. खरं सांगू का, माझा गठ्ठा सतरा दिवस धान्याच्या कोठीमागे पडून होता. एकदा उंदीर शिरला म्हणून कोठी हलवली, तेव्हा कुठे सुतळी सोडली. त्यामुळे तुला रागवायचा मला काही हक्क नाही. पण रागवणार आहेच.

परवा फोनवर म्हणालीस, "ताई, चाळिशी आली. शाळा, घर, सासूबाईंचं पथ्यपाणी, आणि त्यात हा असला विषय. झेपेल का मला?" बघ, तू एका दमात दोन गोष्टी विचारल्यास. एक वेळेची आणि एक विषयाची. वेळेची सोपी आहे, ती आधी उरकून टाकू.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे आपल्या इग्नूत, एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास, असा हिशेब असतो. वर्षाला ३२ क्रेडिट धरलेस तर ९६० तास, म्हणजे आठवड्याला साडेअठरा. पोटात गोळा आला ना? मलाही आला होता. मग कळलं, दोन वर्षांची एमए चार वर्षांत पुरी करायची मुभा असते आणि परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोनदा होतात. म्हणजे एखादा पेपर मागे ठेवलास तर आभाळ कोसळत नाही. मी तीन वर्षं घेतली. मधल्या वर्षी धाकटीची दहावी होती, तेव्हा पुस्तकाला हात लावला नाही, आणि त्याचं मला अजूनही काही वाटत नाही.

आणि ते पहाटे चारला उठायचं खूळ डोक्यातून काढ. मी गजर लावायचे, उठायचे, चहा करायचे आणि पुस्तकावर डोकं ठेवून सहापर्यंत झोपायचे. चहा गार आणि मान अवघडलेली. खरा अभ्यास झाला तो कुकरच्या शिट्ट्यांमध्ये आणि एसटीत. तुझे असे तुकडे कुठे सांडलेत ते आधी शोध.

असाइनमेंटला ३० टक्के गुण असतात, बाकी ७० परीक्षेला, म्हणून त्या हलक्यात घेऊ नकोस. आणि लिहायला बसण्याआधी प्रश्नांवरचं वर्ष बघ गं बाई! मी चाळीस पानं सुंदर अक्षरात, समास आखून, हातानं लिहून काढली. मग ध्यानात आलं, प्रश्न गेल्या वर्षीचे होते. रडले नाही. एवढंच की त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं.

आता विषयाचं. "ताई, कौटुंबिक हिंसाचार असं थेट नावच नाही गं कोर्सला," असं तू म्हणालीस. नसेना का. इग्नूत स्त्री आणि लिंगभाव अभ्यासाची एमए आहे, समाजकार्याची एमएसडब्ल्यू आहे, आणि आपला विषय त्यांच्या पोटात आहे. तू पहिली घेतलीस ते चांगलंच केलंस. फक्त पुढे समुपदेशन केंद्रात नोकरी करायची मनात असेल तर जाहिराती आत्ताच वाचत जा. तिथे बऱ्याचदा एमएसडब्ल्यू मागतात, कारण त्यात क्षेत्रकार्य असतं. नंतर हळहळण्यापेक्षा आधी ठाऊक असलेलं बरं.

पुस्तकातल्या इंग्रजीला घाबरू नकोस, त्यावर माझा एक घरगुती उपाय आहे. दोनशे पानी वही घे. डाव्या पानावर पुस्तकातली संकल्पना लिही आणि उजव्या पानावर तीच गोष्ट आपल्याकडची बाई कशी सांगते ते. माझ्या डाव्या पानावर आहे 'आर्थिक हिंसा', आणि उजव्या पानावर, 'दळणाला पैसे मागितले तरी हिशेब द्यावा लागतो.' डावीकडे 'कोअर्सिव्ह कंट्रोल', म्हणजे धाकानं ठेवलेला ताबा, इव्हान स्टार्क यांचं पुस्तक, २००७. उजवीकडे, 'हात नाही उचलत हो, पण त्यांची गाडी दारात वाजली की माझ्या हातातलं भांडं पडतं.' अशी वही भरली की परीक्षेत आठवायला काही उरतच नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक, असे हिंसेचे प्रकार कलम ३ मध्ये दिलेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नुसती बघत बसले. दळणाच्या पैशांची गोष्ट कायद्यात लिहिलेली असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

कायद्याचा पेपर सगळ्यांना रुक्ष वाटतो, मला तोच सगळ्यात जिवंत वाटला. २००५ चा हा कायदा फक्त बायकोसाठी आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. म्हाताऱ्या आईला मुलगा छळत असेल तर तीही अर्ज करू शकते, बहीणही करू शकते. आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले, तेव्हापासून तक्रार घरातल्या बाईविरुद्धही करता येते. राहत्या घरात राहण्याचा हक्क कलम १७ मध्ये आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. एक मात्र सांभाळ. जुन्या पुस्तकांत ४९८-अ असेल, पण १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ मध्ये गेलंय. आणि २००५ च्या कायद्याखालचा अर्ज पहिल्या सुनावणीच्या तारखेपासून ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. परीक्षेत ६० दिवस लिही. समोर बसलेल्या बाईला मात्र ६० दिवसांचा शब्द देऊ नकोस.

उदाहरणं देताना सारखी अमेरिकेची नको. तिथल्या डुलुथ शहराचं 'सत्ता आणि नियंत्रणाचं चक्र' काढायलाच लागेल, ते काढ. पण मुंबईत पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो विसरू नकोस. पोलिसांच्या इमारतीत समाजकार्यकर्ती बसवायची ही कल्पना तेव्हा किती धाडसाची असेल! वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी 'दिलासा' केंद्र उघडलं. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाईलच असं नाही, पण टाके घालायला दवाखान्यात येतेच, एवढं साधं त्यामागचं शहाणपण. हे एक उत्तर नीट लिहिलंस तर तपासणारा जागा होतो.

आता जे सांगायला फोन ठेवल्यापासून मनात घोळतंय, ते सांगते. मी कोण आहे ते तुला माहितीये. सल्ले देणारी बाई. शेजारणीच्या लोणच्याला बुरशी आली की कुणी न विचारता दोन उपाय सांगणारी. पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि मी एका समुपदेशन केंद्रात मदतीला जाऊ लागले. तिथे एक बाई आली. पदर घट्ट, नजर खाली. तासभर बोलली. आणि मी काय केलं? जन्मभर करत आले तेच. म्हटलं, "अगं, उद्याच्या उद्या माहेरी निघून जा. कशाला सोसतेस?" ती हो म्हणाली. चहा प्याली, मला नमस्कार केला, गेली. पुन्हा आली नाही.

पुढच्या वर्षी पुस्तकात वाचलं की घर सोडण्याची वेळ आणि त्यानंतरचे दिवस हेच बाईसाठी सगळ्यात धोक्याचे असतात, कारण ताबा निसटतोय हे त्याला तेव्हाच कळतं. मी पुस्तक मिटलं आणि ओट्यापाशी उभी राहिले बराच वेळ. 'ती सोडून का जात नाही?' हा प्रश्न मीही आयुष्यभर विचारला होता, गं. उत्तर तिच्याकडे होतं, आणि मी ते ऐकायच्या आधीच तिच्या हातात बॅग दिली होती.

म्हणून बघ, हा अभ्यास डोक्याला जड नाही, जिभेला जड आहे. माहिती चार महिन्यांत येते. गप्प बसायला मला तीन वर्षं लागली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाची तरी मदत मागितली होती. म्हणजे तुझ्यासमोर कुणी तोंड उघडलं तर तू पहिलीच असण्याची शक्यता बरीच आहे. अशा वेळी 'तू असं कर' ऐवजी 'तुला काय हवंय?' एवढंच विचार आणि थांब. ती म्हणेल, घरीच राहायचंय पण मार नको. ठीक आहे. मग आधारकार्ड, रेशनकार्ड, मुलांचे दाखले यांच्या प्रती कुठे ठेवायच्या, थोडे पैसे कुणाकडे, रात्री वेळ आली तर कुणाचं दार वाजवायचं, हे तिच्यासोबत बसून ठरव. याला सुरक्षितता आराखडा म्हणतात. पुस्तकात अर्धं पान आहे, प्रत्यक्षात दोन तास लागतात.

मुलांच्या बाबतीत मात्र वेगळं, आणि तू शाळेत आहेस म्हणून मुद्दाम सांगते. मूल जवळ येतं आणि म्हणतं, "बाई, कुणाला सांगणार नाही ना?" आपल्या तोंडून पटकन 'नाही रे बाळा' निघतं. तो शब्द देऊ नकोस. मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल तर पॉक्सोच्या २०१२ च्या कायद्यातल्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. शब्द देऊन मोडलास तर त्या मुलाचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वासही जाईल. त्यापेक्षा सांग, "तुला मदत करू शकतील अशा माणसांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून मग सांगेन." हे वाक्य आरशापुढे म्हणून बघ. हसू नकोस, मी भाजी निवडताना पन्नास वेळा म्हटलंय.

केस लिहितानाही जप. मी एका असाइनमेंटमध्ये नाव बदलून आमच्याच गल्लीतली गोष्ट लिहिली. नाव बदललं, पण नवऱ्याचं दुकान, मुलांची संख्या, कोपऱ्यावरचं देऊळ, सगळं तसंच. माझ्या बहिणीनं सहज पानं चाळली आणि दुसऱ्याच ओळीला म्हणाली, "ही अमुकच ना?" त्याच रात्री सगळं फाडून नव्यानं लिहिलं.

रात्रीचं म्हणशील तर लैंगिक अत्याचारावरचा भाग झोपण्याआधी वाचू नकोस. दुपारी वाच, आणि नंतर हाताला काहीतरी काम दे. मी शेंगा सोलायचे. वाचता वाचता लहानपणचं काही वर येईल. सगळ्यांच्याच घरी एखादा काका असतो ज्याच्या शेजारी बसायचं टाळलेलं असतं. तसं झालं तर पुस्तक बाजूला ठेव आणि मला फोन कर. तो अभ्यासातला खंड धरायचा नाही.

आणि हा अभ्यास करणाऱ्यांमध्ये एखादी अशीही असेल की डाव्या पानावरचं सगळं तिच्याच घरात चाललंय. तिनं पुस्तकं दुसऱ्याच्या घरी ठेवावीत, फोनमध्ये काय शोधलं ते पुसावं, आणि १८१ किंवा ११२ हे आकडे पाठ करावेत. कागदावर लिहून ठेवू नयेत.

चल, आता साड्यांची पिशवी उचल आणि सुतळी काप. कात्री शिवणाच्या डब्यात असेल, तिथेच असते सगळ्यांची. पहिल्या पुस्तकाची नुसती अनुक्रमणिका वाच आज, जास्त नाही. मग आठनंतर फोन कर. सात ते आठ माझ्या पोळ्या असतात. मी काही सांगणार नाही, नुसतं ऐकेन.

बरं, थोडं सांगेन.