बुकिंगचे पाच लाख आणि 'फक्त दीडशे' गाड्या

प्रश्न : मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे, प्रायव्हेट लिमिटेड. एका परदेशी कंपनीची पूर्ण आयात होणारी पेट्रोल स्पोर्ट्‌स कार येतेय, देशभरात फक्त 150. पुण्याच्या डीलरचा रोज फोन येतो : पाच लाख भरा, नाहीतर नंबर जाईल. किंमत जाहीर नाही. 'पंचावन्नच्या आसपास' असं तोंडी सांगतात. बुकिंग फॉर्मवर 'नॉन-रिफंडेबल' छापलंय. सेल्समन म्हणतो, दोन वर्षांनी विकली तरी वर पैसे मिळतील. आमचे आबा म्हणतात, इसार दिला की विसरायचा. भरू का? आणि गाडी स्वतःच्या नावावर घेऊ की कंपनीच्या?

उत्तर : आहे त्या फॉर्मवर भरू नका. त्यात दोन अटी वाढवून मिळाल्या आणि गाडी चालवायलाच हवी असेल, तर जरूर भरा.

आबांचा अनुभव जमिनीच्या व्यवहारातला असणार. तिथे सौदा ठरतो, मग इसार दिला जातो आणि घेणारा हटला तर तो बुडू शकतो. तुमच्याकडे ठरलंय काय? किंमत नाही, चॅसी नंबर नाही, ताब्याची तारीख नाही. त्यामुळे हे पाच लाख म्हणजे इसार नव्हे, साधी आगाऊ रक्कम आहे, असं तुम्हाला ठामपणे मांडता येईल. इसार धरला तरी भारतीय करार कायद्याचं कलम 74 आहेच. करार मोडला म्हणून समोरच्याला वाजवी भरपाईपुरतीच रक्कम ठेवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये फत्तेचंद खटल्यात सांगितलं आणि 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्‌सच्या निकालात पुन्हा बजावलं. डीलरच सांगतोय की मागे रांग लागलीय. मग तुम्ही बाजूला झालात तर त्याचं नुकसान कसलं? आणि रांग नसेल, तर तो रोज फोनवर जे सांगतोय त्याला काय म्हणायचं?

पण मुद्दा भक्कम असणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. म्हणून अटी आधीच लिहून घ्या. पहिली : एक्स-शोरूम किंमत ठरावीक आकड्याच्या वर गेली, इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलला, किंवा ठरावीक तारखेपर्यंत चॅसी नंबर मिळाला नाही, तर पूर्ण रक्कम 15 दिवसांत परत. दुसरी : चॅसी नंबर मिळेपर्यंत कारण न देता बुकिंग रद्द करता येईल. फॉर्मच्या मागचा बारीक मजकूरही वाचा. 'ग्राहक गाडी घेण्यास बांधील राहील' अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर सही करू नका. पाच लाख बुडण्यापेक्षा ते महागात पडतं.

जग्वार एक्सजे 220 चं उदाहरण यासाठी पाहण्यासारखं आहे. 1988 मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात ती बारा सिलिंडरचं इंजिन आणि चारही चाकांना ताकद देणारी अशी दाखवली गेली. 350 गाड्यांची मर्यादा जाहीर झाली आणि लोकांनी 50,000 पौंड अनामत भरली. 1992 मध्ये हाती आली ती सहा सिलिंडरची, ताकद फक्त मागच्या चाकांना. किंमत करारानेच महागाईशी जोडलेली, त्यामुळे ती चढत गेली. तोवर ब्रिटनमध्ये मंदी आली होती. कित्येकांना गाडी नकोशी झाली, पण करार विकत घेण्याचा होता. प्रकरणं कोर्टात गेली, काहींनी पैसे मोजून सुटका करून घेतली. 350 चा आकडा कधी गाठलाच गेला नाही. ज्यांनी नफ्यासाठी नंबर लावला होता, ते सगळ्यांत जास्त पोळले.

'फक्त 150' हाही आकडा लेखी मागा, आणि तो पहिल्या तुकडीचा की एकूण, हे विचारा. 2025 मध्ये आलेल्या गोल्फ जीटीआयचे 150 हे पहिल्या तुकडीचे होते, आणि 53 लाख ही किंमत जाहीर होण्याआधीच ती तुकडी संपली. त्याच वर्षी ऑक्टाव्हिया आरएसच्या 100 गाड्या बुकिंग उघडताच संपल्या. म्हणजे घाई सगळीच खोटी नसते. पण दुसरी तुकडी आली की सेल्समनचं 'वर पैसे मिळतील' हे गणित कोसळतं.

तसंही ते गणित कच्चंच आहे. एक्स-शोरूम 55 लाख धरले, तर महाराष्ट्रात आयात गाडीवर 20 टक्के वाहनकर, म्हणजे 11 लाख. शिवाय एक टक्का टीसीएस (तो विवरणपत्रात वळता होतो) आणि विमा. 66 लाखांच्या वर गेलेली रक्कम विकताना कोण भरून देणार? विमा कंपनी गाडीचं मूल्य तिसऱ्या वर्षात 30 टक्के वजा करून धरते. तुमची गाडी दुर्मीळ आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. चोरी झाली तर पूर्ण बिलाचे पैसे देणारं जादा कवच पहिल्या दिवसापासून घ्या.

स्वतःच्या वापराची गाडी नफ्यात विकली तर त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. तोटाही कुठे वळता होत नाही. कंपनीच्या नावावर घेतलीत तर घसारा मिळेल, पण अशा गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळणार नाही आणि रविवारी पन्हाळ्याला नेलेल्या गाडीचा धंद्याशी संबंध करअधिकाऱ्याला पटवावा लागेल. वाहनकर आयातीमुळे दोन्हीकडे 20 टक्केच. मी स्वतःच्या नावावर घेतली असती.

एक जपा. ग्राहक संरक्षण कायद्यात पुन्हा विकण्यासाठी वस्तू घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. डीलरला व्हॉट्सॲपवर 'दोन वर्षांनी काढून टाकेन' असं लिहू नका. तोच मेसेज पुढे तुमच्याविरुद्ध दाखवला जाईल.

पैसे डीलरशिपच्या खात्यावर आरटीजीएसने भरा, सेल्समनने पाठवलेल्या क्यूआर कोडवर नाही. पावतीवर मॉडेल आणि वरच्या दोन्ही अटी हव्यात. परतावा अडला तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निभावलं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जा. त्यासाठी पुण्याला खेटे घालायला नकोत : 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे कोल्हापुरातच, तक्रार दाखल करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही लागत नाही.