टेट्रा पॅकची रिकामी खोकी : भंगारातील चांगला माल

ज्यूस, ताक आणि दुधाची टेट्रा पॅक खोकी आज लग्नात, शाळेत, रेल्वेत, इफ्तारच्या दस्तरखानावर सर्वत्र दिसतात. पिऊन झाले की त्यांची किंमत शून्य होते. रद्दीवाला ती घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आहे. प्लास्टिकवाला घेत नाही, कारण त्यात कागद आहे. कचरा वेचणाऱ्या बायाही बहुधा ती सोडून देतात. धारावी, कुर्ला, भिवंडी, मालेगाव येथे भंगार आणि रद्दीच्या तिजारतीत आपले बांधव पुष्कळ आहेत. त्यांना या मालाची ओळख करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. आम्ही कापडाच्या धंद्यातले. परंतु हा प्रश्न मुळात धाग्याचाच आहे.

खोक्यात असते काय?

ज्यूसच्या खोक्यात सहा थर असतात. बाहेरून प्लास्टिकचा पातळ थर, त्याखाली पुठ्ठा, पुन्हा प्लास्टिक, मग ॲल्युमिनियमचा वर्ख आणि आतून प्लास्टिकचे आणखी दोन थर. वजनाने पाहता सुमारे ७५ टक्के कागद, २० टक्के प्लास्टिक आणि ५ टक्के ॲल्युमिनियम असते. म्हणजे हा माल मुख्यतः कागदाचाच आहे.

आणि कागदही हलका नव्हे. कापसाचा सौदा करताना आपण धाग्याची लांबी पाहतो. आखूड धाग्याच्या कापसाला भाव कमी. कागदाचेही तसेच आहे. पाईन, स्प्रूस यांसारख्या झाडांचा तंतू सुमारे ३ मिलिमीटर लांब असतो, तर निलगिरीसारख्या झाडांचा १ मिलिमीटरच्या आसपास. खोक्याला मजबुती हवी म्हणून त्याच्या पुठ्ठ्यात लांब तंतू वापरतात आणि तोही नवा असतो. साधी रद्दी अनेकदा पूर्वीच एक-दोन वेळा गिरणीतून जाऊन आलेली असते. दर वेळी तंतू तुटतो, आखूड होतो; पाच ते सात फेऱ्यांनंतर तो कागदाच्या कामाचा राहत नाही. म्हणून रद्दीपासून पुठ्ठा करणाऱ्या गिरणीला अशा लांब तंतूची गरज असते.

लगदा कसा होतो?

हे काम आपल्या लोकांना नवे नाही. दौलताबाद-खुलताबाद परिसरातील कागजीपुरा आणि पुणे जिल्ह्यातील जुन्नर येथील मुसलमान कागदी कारागीर चिंध्या भिजवून, कुटून त्यांचा लगदा करीत व त्यापासून कागद बनवीत. पाणी आणि घुसळण, हीच त्यांची विद्या होती. आजची गिरणी तेच करते, फक्त यंत्राने.

या यंत्राला हायड्रापल्पर म्हणतात. मोठ्या हौदाच्या तळाशी पंखा फिरतो, घरातल्या मिक्सरसारखाच. खोकी आणि पाणी टाकून २० ते ३० मिनिटे घुसळले की कागदाचा तंतू फुगतो आणि प्लास्टिकपासून सुटतो. त्यासाठी वेगळे रसायन लागत नाही. लगदा चाळणीतून खाली जातो, प्लास्टिक व वर्ख वर उरतात. या लगद्यापासून क्राफ्ट कागद, खोक्यांचा पुठ्ठा, कागदी पिशव्या तयार होतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साधी रद्दी खोक्यांपेक्षा लवकर विरघळते. दोन्ही एकत्र टाकल्यास रद्दीचा लगदा होतो, पण खोकी अर्धवटच राहतात आणि गाळात फेकली जातात. म्हणून रद्दीत मिसळलेल्या खोक्यांना गिरणीवाला कचरा समजतो. वेगळ्या आणलेल्या त्याच खोक्यांना माल समजतो. सारी किंमत या वेगळे करण्यात आहे.

प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचा उरलेला भागही वाया जात नाही. तो उष्णतेने दाबून छपराचे पत्रे व फळ्या बनवितात. तो उघड्यावर जाळू नये. ते बेकायदेशीर आहे आणि शेजाऱ्यांच्या आरोग्यावर जुलूम आहे.

ओल्या मालाचा हिशोब

लिटरच्या सुमारे ३५ खोक्यांचे एक किलो होते. २०० मिलीच्या लहान खोक्यांना शंभराच्या आसपास लागतात. आता १,००० किलो कोरडा माल घ्या. त्यात जास्तीत जास्त ७५० किलो कागद असेल. हातात प्रत्यक्ष त्याहून कमीच येतो, कारण थोडा तंतू प्लास्टिकला चिकटून राहतो. त्याच गासडीत १० टक्के पाणी असेल तर खोकी ९०० किलो आणि कागद फार तर ६७५ किलो. ७५ किलो कागद काट्यावर होता, पण गिरणीत आला नाही. शिवाय १०० किलो पाण्याचे ट्रकभाडे वेगळे.

कोणी म्हणेल, गासडी बाहेरून कोरडी दिसली की झाले. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात धान्याच्या ढिगाचा प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात एका ढिगात हात घातला, तो बोटांना ओल लागली. मालकाने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, अशी विचारणा प्रेषितांनी (स.) केली आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाकारले. पाऊस पडणे हा मालकाचा दोष नव्हता; ओल झाकणे हा होता. पावसाळ्यात गासडी भिजली तर गिरणीला तसे सांगावे आणि वजनात सूट द्यावी. गिऱ्हाईक टिकते ते अशानेच.

सुरुवात कशी करावी?

१. आधी गिऱ्हाईक, मग माल. खोक्यांचा लगदा करणारी गिरणी शोधा. कमीत कमी किती माल घेणार, ओल किती चालेल, भाव काय, हे लेखी घ्या. त्याआधी एक पोतेही विकत घेऊ नका.

२. शाळा, मंगल कार्यालये, केटरर, कॅन्टीन आणि रमजानमध्ये मशिदी येथे खोक्यांसाठी वेगळे पोते ठेवा. कचऱ्यात गेलेला माल निवडण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

३. खोके निथळून, स्ट्रॉ काढून, चारी कान उघडून चपटे करा व वाळवा. आत राहिलेला ज्यूस आंबतो, बुरशी धरते, उंदीर येतात.

४. गासड्या फळ्यांवर, छपराखाली ठेवा.

५. वेचणाऱ्या बाईसमोर काटा करा व तिथेच पैसे द्या. एका किलोसाठी तिला ३५ वेळा, लहान खोक्यांसाठी शंभरदा वाकावे लागते. हा भाव तिला परवडला नाही तर तुमच्या वखारीत माल येणारच नाही.

कायद्याची बाजू

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे आहेत. २०२२ सालच्या दुरुस्तीने बहुथरी वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून प्रक्रिया करण्याची जबाबदारी निश्चित झाली. त्यामुळे नोंदणीकृत प्रक्रिया कारखान्यांना पक्क्या बिलाचा, हिशोबाचा माल लागतो. बिल व वजनपावत्या जपून ठेवा. स्वतः लगदा करण्याचा विचार असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि सांडपाण्याची व्यवस्था आधी हवी. नवख्याने गोळा करून, निवडून गासडी बांधण्यापुरतेच काम घ्यावे, असे आमचे मत आहे.

यात एका रात्रीत श्रीमंती नाही. परंतु ज्याची वखार, काटा आणि हातगाड्या आधीच आहेत, त्याला थोड्या भांडवलात आणखी एक माल मिळतो. माल वेगळा, कोरडा आणि वजन खरे, एवढे सांभाळले तर अल्लाह त्यात बरकत देईल, इन्शाअल्लाह.