चांदी की चांदीचा मुलामा?

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. ही म्हण आपण नेहमी ऐकतो. जुन्या चांदीच्या बाबतीत ती अगदी खरी आहे.

समजा, आठवड्याच्या बाजारात एक माणूस जुने कडे विकायला बसला आहे. कडे पांढरेशुभ्र आहे. तो म्हणतो, "ताई, अस्सल चांदी हाय. नड आहे म्हणून निम्म्या भावात देतो." घ्यावे की नाही?

आता उलट बघा. दारावर मोड घेणारा येतो. तुमच्या सासूबाईंच्या जुन्या तोरड्या हातात घेतो. नाक मुरडतो आणि म्हणतो, "मावशी, ही चांदी नव्हं. नुसता मुलामा आहे. भंगाराच्या भावात घेतो." द्याव्या की नाही?

पहिल्या वेळी मुलामा चांदी म्हणून गळ्यात पडतो. दुसऱ्या वेळी चांदी मुलामा म्हणून हातची जाते. दोन्हीकडे कष्टाचा पैसा बुडतो. म्हणून थोडी पारख आपल्यालाच आली पाहिजे.

मुलामा म्हणजे काय?

तांब्याच्या किंवा पितळेच्या वस्तूवर चांदीचा पातळ थर चढवतात. त्याला मुलामा म्हणतात. वर चांदी, पोटात दुसरीच धातू. थर इतका पातळ असतो की त्यातल्या चांदीला फारशी किंमत येत नाही.

'जर्मन सिल्व्हर' हे नाव तर फारच फसवे आहे. तांबे, जस्त आणि निकेल मिळून ती धातू होते. तिच्यात चांदी मुळीच नसते.

खऱ्या चांदीतही थोडे तांबे घालतात, कारण निव्वळ चांदी मऊ असते. ती लबाडी नव्हे. मात्र किती घातले ते सांगितले पाहिजे. ९२५ हा आकडा असला, तर हजार भागांत ९२५ भाग चांदी असे समजावे.

घरच्या तीन परीक्षा

पहिली परीक्षा डोळ्यांची. वस्तू उजेडात धरा. जिथे घासते तिथे बघा: कडा, कोपरे, बूड, कडीची जागा. तिथे पिवळी किंवा तांबूस झाक दिसली, तर तो मुलामा असण्याचा संभव फार. हिरवा कळंक दिसला तरी सावध व्हा, तो तांब्याचा असतो. पण काळेपणावर जाऊ नका. चांदीही काळी पडते आणि मुलामाही काळा पडतो.

दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. चांदीला लोहचुंबक चिकटत नाही. चिकटला, तर आत लोखंड किंवा निकेल आहे. पण नाही चिकटला म्हणून लगेच चांदी म्हणू नका. तांबे आणि पितळ यांनाही तो चिकटत नाही.

तिसरी परीक्षा पाण्यातली. ही सर्वांत चांगली. यासाठी बारीक वजन दाखवणारा विजेचा काटा लागतो. आधी वस्तू कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवा आणि काटा शून्यावर आणा. वस्तूला दोरा बांधा व ती पाण्यात पूर्ण बुडेल अशी लोंबती धरा. बुडाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. आता काट्यावर जो आकडा येईल, त्याने कोरड्या वजनाला भागा.

चांगल्या चांदीचे उत्तर दहाच्या वर, साडेदहाच्या आसपास येते. तांब्याचे नऊच्या जवळ येते. पितळेचे व जर्मन सिल्व्हरचे साडेआठच्या आसपास येते.

एक हिशेब करू. कडे ८४ ग्रॅम भरले. पाण्यात ८ आकडा आला. ८४ भागिले ८, उत्तर साडेदहा. हे चांदीशी जुळते. पण पाण्यात १० आकडा आला, तर उत्तर ८.४. ही चांदी नव्हे.

वस्तू भरीव असेल तरच ही परीक्षा खरी. पोकळ वाळे, लाख भरलेले दागिने आणि खड्यांचे दागिने यांना ती लागू नाही.

जुन्या रुपयांची गोष्ट

पुष्कळ घरांत जुने रुपये जपून ठेवलेले असतात. त्यांची पारख सालावरून होते. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या इंग्रजी अमलातल्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. झिजलेला रुपया थोडा कमी भरतो. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा वाघाच्या छापाचा रुपया तर निकेलचा आहे. त्याला लोहचुंबक चटकन चिकटतो. तो चांदीच्या भावात घेऊ नका.

शिक्का आणि सराफ

भारतीय मानक ब्यूरोचा चांदीवरचा शिक्का २००५ साली सुरू झाला. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यात सहा अक्षर-अंकांचा क्रमांकही आला. 'बीआयएस केअर' या मोबाइलवरच्या सोयीत तो क्रमांक तपासता येतो. आजीच्या काळच्या दागिन्यावर हा शिक्का नसणारच. म्हणून शिक्का नाही तेवढ्यावरून वस्तू खोटी ठरत नाही.

शेवटी सराफाकडे जावेच. एकाकडे नव्हे, दोघांकडे जा. कसोटीच्या दगडावर वरचाच थर उतरतो आणि मुलामाही चांदीसारखा कस देतो. म्हणून आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कानशीने जरा खोल घासून मग कस बघायला सांगा. तपासणीचे यंत्रही मुख्यतः वरचाच थर बघते. तेजाबाची परीक्षा सराफानेच करावी. घरी तेजाब आणू नये, हात भाजतो आणि डोळे जातात.

लक्षात ठेवा

एका परीक्षेवर विसंबू नका.
पारख होईपर्यंत पैसे देऊ नका आणि दागिनाही देऊ नका.
"आत्ताच घ्या, आत्ताच द्या" म्हणणाऱ्याला सांगा, "उद्या या."

प्रश्न

१. लोहचुंबक चिकटला नाही, तर वस्तू चांदीचीच असते का?
२. एक भरीव कडे ६३ ग्रॅम भरले. पाण्यात ६ आकडा आला. ते चांदीशी जुळते का?
३. तुमच्या घरच्या जुन्या रुपयांवरचे साल वाचा. त्यात चांदी किती असेल?