संगणकातील जादा कार्डे : बिघाडाचा शोध

कर्जत व खालापूर तालुक्यांतील ठाकुरवाड्या बहुधा डोंगराच्या कुशीत वसलेल्या आहेत. तेथील रहिवाशास दाखल्यासाठी वा एखाद्या योजनेच्या अर्जासाठी खाली उतरावे लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा वेळी कार्यालयातील एकुलता एक संगणक अर्ज अर्धा भरून होताच थिजला, तर "उद्या या" असे सांगण्यापलीकडे कर्मचाऱ्याच्या हाती काही राहत नाही. संगणक वारंवार बंद पडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक, सहसा ध्यानात न येणारे, म्हणजे त्यात मागाहून बसविलेली जादा कार्डे.

संगणकाच्या मदरबोर्डवर लांबट खाचा असतात. जाळ्याची जोडणी, ध्वनी, चित्र किंवा जादा उपकरणे यांसाठी लागणारी कार्डे त्यांत उभी बसवितात. मराठी कामकाजाशी तर अशा कार्डाचा जवळचा संबंध आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. त्यातील 'जिस्ट' कार्ड खाचेत बसविले की डॉसवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत.

त्या काळातील मुख्य अडचण वेगळी होती. प्रत्येक कार्डाला प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी एक तार लागे. तिला इंटरप्ट म्हणतात. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीमध्ये अशा तारा अवघ्या ८ होत्या. १९८४ च्या एटी यंत्रात त्या प्रत्यक्षात १५ झाल्या. दोन कार्डांनी एकच तार धरली की गोंधळ उडे. माउस पहिल्या सिरियल पोर्टवर आणि मोडेम तिसऱ्यावर असेल, तर दोघांच्या वाट्याला प्रथेने ४ क्रमांकाचीच तार येई; मोडेमने फोन लावला की माउस जागीच थांबे. कार्डावरील बारीक जंपर हलवून क्रमांक बदलणे हाच तेव्हाचा उपाय होता. पुढे १९९२ मध्ये आलेल्या पीसीआय पद्धतीत एकच तार अनेकांना वापरता येऊ लागली, आणि १९९५ पासून विंडोजने क्रमांकवाटपाचे काम बरेचसे आपल्याकडे घेतले. आजच्या यंत्रांत हा संघर्ष विरळाच. जुने यंत्र शाळेला भेट म्हणून मिळाले असेल, तर मात्र तो तपासलाच पाहिजे.

आजची अडचण अधिक करून विजेची असते. कर्जत स्थानकात घाट चढणाऱ्या अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. संगणकात मात्र कार्डे वाढतात आणि पॉवर सप्लाय तोच राहतो. चित्रासाठीचे मोठे कार्ड एकट्या खाचेतूनच ७५ वॅटपर्यंत वीज ओढू शकते. खोपोलीत १९१५ सालापासून वीज निर्माण होऊन मुंबईला मिळू लागली, पण डोंगरावरील शेवटच्या खांबावर तिचा दाब नेहमी स्थिर असतोच असे नाही. पॉवर सप्लाय आधीच ताणलेला असेल, तर अशा चढउतारात संगणक एकाएकी बंद पडून पुन्हा सुरू होतो.

बिघाड केव्हा होतो हे पाहिले की निम्मा शोध लागतो. पडदा उजळण्यापूर्वीच भोंगा वाजून यंत्र थांबले, तर एखादे कार्ड नीट बसलेले नसावे. विंडोज सुरू होताना थिजले, तर ड्रायव्हरचा, म्हणजे त्या कार्डाच्या चालक-प्रणालीचा, संशय घ्यावा. सेफ मोडमध्ये यंत्र सुरळीत चालल्यास तो बळावतो. डिव्हाइस मॅनेजरमधील पिवळी खूणही तेच सुचविते. दोन उपकरणे एकाच वेळी कामाला लागली तरच अडचण येत असेल, तर वीज किंवा इंटरप्ट यांकडे वळावे.

प्रत्यक्ष तपासणीस हात घालण्यापूर्वी नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. ती न घेता पेटी उघडणे हा या कामातील सर्वांत महाग पडणारा आळस होय. नंतर विजेची जोडणी काढावी, पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी आणि नसल्यास चालेल अशी सर्व जादा कार्डे बाहेर काढावीत. पावसाळ्यात या भागातील दमट हवेने कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. स्वच्छ खोडरबर हलकेच फिरवून तो निघतो. यंत्र कार्डांविना दिवसभर नीट चालले, तर एक कार्ड बसवावे, त्याचा ड्रायव्हर घालावा, आणखी एक दिवस पाहावे आणि मगच दुसऱ्याला हात लावावा. सर्व कार्डे एकदम परत बसविली, तर दोषी कोण हे कळतच नाही. एखादे कार्ड बसविताच बिघाड परतला, तर तेच कार्ड दुसऱ्या खाचेत घालून पाहावे. तेथे ते चालले तर दोष पहिल्या खाचेचा, न चालल्यास कार्डाचा, ड्रायव्हरचा वा पॉवर सप्लायचा.

जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणकाची नोंद एकच नग म्हणून होते. आतील कार्डांचा उल्लेख तीत क्वचितच आढळतो. कोणते कार्ड, कोणत्या खाचेत, कोणत्या तारखेस बसविले, एवढे तीन रकाने असलेला कागद पेटीच्या आतील बाजूस चिकटवून ठेवावा. बदलून येणाऱ्या नव्या कर्मचाऱ्यास तोच प्रथम उपयोगी पडतो.