सहाव्या वर्षाची दाढ : काढावी कीं राखावी ?

दहा-अकरा वर्षांचा मुलगा गालावर हात धरून शाळेंतून घरीं आला, म्हणजे घरांतील वडीलधाऱ्या मंडळींचा निकाल बहुधा ठरलेला असतो : "दुधाची दाढ आहे, काढून टाका, दुसरी येईल." हा सल्ला ममतेनें दिलेला असतो आणि कित्येकदां तो खराही ठरतो. परंतु मुलांच्या कायमच्या दांतांपैकीं जी दाढ सर्वांत अधिक किडते, नेमक्या तिच्याच बाबतींत तो फसतो. ती दाढ दुधाची नसते; ती एकदां गेली कीं तिच्या जागीं दुसरी उगवत नाहीं. म्हणून सगळ्या दांतांचा पसारा न मांडतां आम्ही येथें या एकाच दाढेचा विचार करणार आहों. किडलेली ही दाढ काढावी, भरावी, कीं तिच्या मुळांवर उपचार करून ती राखावी, हा प्रश्न दुखण्याच्या भरांत सोडविण्याचा नव्हे, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

प्रथम ती ओळखावी कशी तें पाहूं. दुधाचे दांत २० असतात व कायमचे ३२. दुधाचा दांत हलतो, पडतो आणि त्याच जागीं नवा वर येतो, हें आपण घरोघरीं पाहतों. त्यामुळें कायमचा प्रत्येक दांत असाच कोणाची तरी जागा घेऊन येतो, असा आपला ग्रह होतो. पण सहाव्या-सातव्या वर्षीं दुधाच्या शेवटच्या दाढेमागें, कांहींही न पडतां, वर दोन व खालीं दोन अशा चार दाढा गुपचूप येऊन बसतात. मुलास त्यांची वार्ता नसते आणि आईबापांसही नसते. विद्यार्थ्यांनीं आरशासमोर उभें राहून समोरच्या दोन दांतांच्या मधल्या फटीपासून एका बाजूस मोजीत जावें. पडलेल्या दांताची मोकळी जागाही मोजण्यांत धरावी. पहिल्या पांच जागा दुधाच्या दांतांच्या, अथवा त्यांच्या वारसांच्या. सहावी जागा जिची, ती ही दाढ.

ती इतक्या लवकर कां किडते ? तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात. ब्रशाचा केसही त्यांच्या तळाशीं पोंचत नाहीं. वर येतांना ती कित्येक महिने अर्धवट हिरडीखालीं दडलेली असते व शेजारच्या दाढेहून ठेंगणी राहते, म्हणून ब्रश तिच्यावरून निसटतो. त्यांत तें वय गोळ्या-बिस्किटांचें. आपल्याकडे या दुखण्यास 'कीड' म्हणतात, आणि ती खरोखरच अळी असते असें समजून भुईरिंगणीच्या बियांची धुरी देण्याचा प्रघात खेडोपाडीं होता. ही समजूत एकट्या आपलीच नव्हे. युरोपांतही ती शतकानुशतकें नांदली. पॅरिसचे दंतवैद्य पिएर फोशार यांस असे किडे कोठेंच आढळले नाहींत व १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं त्या कल्पनेविषयीं अविश्वास दाखविला. खऱ्या कारणाचा उलगडा व्हावयास मात्र १८९० साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत, बर्लिन येथें काम करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ विलोबी मिलर यांनीं दाखवून दिलें कीं, तोंडांतील सूक्ष्म जंतु साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करतात आणि तें आम्ल दांताचें खनिज विरघळवितें. अळी नाहींच, आहे तो आपल्याच खाण्यापासून निघालेला आंबटपणा.

दांताचें बाहेरचें पांढरें कवच हा शरीरांतील सर्वांत कठीण पदार्थ होय. पण त्यांत एक उणें आहे. तें घडविणाऱ्या पेशी दांत वर येतांच नाहींशा होतात, म्हणून तेथें पडलेलें भोंक हाडासारखें आपोआप भरून येत नाहीं. कवचाखालीं पिंवळसर, किंचित् मऊ असा थर असतो आणि त्याच्या गाभ्यांत रक्तवाहिन्या व मज्जातंतु असलेला नाजूक गर. कीड कवचांत असेपर्यंत मुलास कांहींच कळत नाहीं. ती दुसऱ्या थरांत शिरली कीं थंड पाणी अथवा गोड पदार्थ लागतांच कळ येते व क्षणांत जाते. ती गराशीं भिडली कीं कळ जात नाहीं. ठणका लागतो, आणि तो रात्रीं निजल्यावर वाढतो. यानंतर एके दिवशीं दुखणें अकस्मात् थांबतें. घरांत आनंद होतो. वास्तविक त्या दिवशीं दाढेंतील गर मेलेला असतो आणि जंतु मुळांच्या टोंकांतून जबड्याच्या हाडांत उतरूं लागलेले असतात. दुखणें थांबलें म्हणून दवाखान्याची फेरी रद्द करणारे पालक पुष्कळ आहेत. त्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी.

तेव्हां दुखतें किती, यावरून दाढेची योग्यता ठरत नाहीं. रात्रभर रडविणारी दाढ वांचविण्याजोगी असूं शकते आणि मुकाट बसलेली दाढ कामांतून गेलेली असूं शकते. मग डॉक्टर पाहतात तरी काय ? पहिली गोष्ट म्हणजे किडलेला भाग कोरून काढल्यावर हिरडीच्या वर चांगल्या दांताच्या भिंती किती उरतील. सभोंवार एक-दोन मिलिमीटर उंचीचा निरोगी कांठ उरला, तरी त्याला धरून टोपी बसूं शकते. कीड हिरडीखालीं खोल गेली असेल, तर उत्तम कारागिरासही पाया मिळत नाहीं. दुसरी, मूळ उभें तडकलें आहे काय. तसें असेल तर आशा फारशी नसते. तिसरी, मुळाभोंवतालचें हाड शाबूत आहे कीं नाहीं. यांतील पुष्कळसें नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून क्ष-किरणांचें चित्र घ्यावें लागतें. राँटगेन यांचा शोध १८९५ च्या अखेरीचा. पुढच्याच जानेवारींत जर्मनीच्या ओटो वाल्कहोफ यांनीं स्वतःच्या दाढांचें चित्र घेतलें, आणि त्यासाठीं त्यांस पंचवीस मिनिटें स्थिर बसावें लागलें. आज तें काम क्षणाचें आहे. चित्र न घेतां कायमची दाढ काढावयास निघालेल्या माणसास थांबवून "आधीं चित्र घ्याल काय ?" असें विचारण्यांत कोणताही उद्धटपणा नाहीं.

कीड गरापर्यंत पोंचली नसेल तर ती कोरून दाढ भरावी. हें सोपें काम आहे आणि बहुधा एका बैठकींत होतें. ती गराशीं पोंचली असेल तर मात्र मुलाचें वय पुढें येतें. दाढ वर आली तरी तिचीं मुळें पूर्ण व्हावयास आणखी सुमारें तीन वर्षें लागतात. म्हणजे नऊ-दहा वर्षांपर्यंत तीं टोंकाशीं उघडीं व भिंतींनीं पातळ असतात. मोठ्या माणसाप्रमाणें आंतील सर्व गर काढून नळ्या भरण्याचा उपचार, ज्यास सर्वजण 'रूट कॅनाल' म्हणतात, तो अशा अपुऱ्या मुळांत नीट साधत नाहीं, आणि मुळांची वाढही तेथेंच खुंटते. म्हणून गराचा जो भाग जिवंत आहे तो औषधाच्या झांकणाखालीं जिवंत ठेवावयाचा व मुळांस पुरें होऊं द्यावयाचें, अशी युक्ति करतात. जर्मनीचे हर्मन यांनीं १९२० सालीं यासाठीं कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरांत आणलें; १९९३ पासून कॅलिफोर्नियांतील लोमा लिंडा विद्यापीठांत टोराबिनेजाद व त्यांचे सहकारी यांनीं एक खनिज सिमेंट पुढें मांडलें, जें ओलसर जागींही घट्ट होतें. अशा उपायांनीं ज्या दाढा पूर्वीं पकडींत सांपडल्या असत्या, त्या आज राहूं शकतात. मुळें पूर्ण झाल्यावर गर मेलाच असेल, तर रूट कॅनाल आहेच. मात्र उपचारानंतर पोंखरलेल्या दाढेवर टोपी घालण्यास टाळाटाळ करूं नये. मुळांवर खर्च करून टोपी न घातल्यामुळें ऊस चावतांना दाढ दुभंगली, म्हणजे तो सारा खर्च फुकट गेला.

काढण्याकडे लोकांचा इतका कल कां, याचाही थोडा इतिहास आहे. १८४६ च्या ऑक्टोबरांत बोस्टन येथें दंतवैद्य मॉर्टन यांनीं ईथर देऊन शस्त्रक्रियेंतील वेदना घालविली, तेव्हांपासून दांत काढणें पूर्वींइतकें भयंकर राहिलें नाहीं. पुढें १९१० सालीं लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनीं माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठांत व्याख्यान देऊन, कुजलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढविणाऱ्यांवर कडक टीका केली व शरीरांतील नाना रोगांचा उगम तोंडांतील पुवांत दाखविला. टीकेंत तथ्य होतें. पण तिचा परिणाम असा झाला कीं, सांधे दुखोत वा पोट दुखो, दांत उपटण्याची एक लाटच पाश्चात्य देशांत उसळली आणि ती दोन-तीन दशकें ओसरली नाहीं. हजारों चांगले दांत व्यर्थ गेले. पुढील संशोधनानें तो सरसकट सिद्धांत टिकला नाहीं. पण "कुजका दांत ठेवूं नये" हें वाक्य अजून ऐकूं येतें. आमच्या मतें तें अर्धेंच वाक्य आहे. कुजकेपणा ठेवूं नये हें खरें, दांत ठेवतां आला तर ठेवावा.

ही दाढ गेल्यानें काय बिघडतें ? बाराव्या वर्षाच्या सुमारास तिच्यामागें दुसरी दाढ येते. ती आल्यावर पुढची काढली, तर ती मोकळ्या जागेकडे कलते, तिरप्या भिंतीसारखी. समोरच्या जबड्यांतील दाढ, जिला आतां चावावयास जोडीदार उरला नाहीं, ती हळूहळू लांब येते. मूल दुसऱ्या बाजूनें चावूं लागतें. कृत्रिम दांत बसवावा म्हटलें तर दोन्हीं बाजूंचे निरोगी दांत घासून पूल बांधावा लागतो. आणि जबड्याच्या हाडांत धातूचें मूळ रोवण्याची जी पद्धत स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनीं १९६५ पासून माणसांवर वापरली, ती जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत मुलांस चालत नाहीं. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाची दाढ स्वस्तांत काढणारा बाप पुढील पुष्कळ वर्षांचा खर्च लांबणीवर टाकतो, वांचवीत नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग दाढ कधींच काढूं नये. तसें मात्र नाहीं, आणि हाच भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. कांहीं मुलांच्या या दाढा मुळांतच पिंवळट-तपकिरी व ठिसूळ निघतात. त्यांत कांहीं भरलें तरी कडा तुटत जातात. कांहींची कीड इतकी पसरलेली असते कीं, दाढ राखली तरी जन्मभर दुरुस्त्या चालूच राहाव्या. अशी दाढ जर काढावयाचीच, तर ती वेळेवर काढावी. साधारण आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान, मागची दाढ अजून हाडांत असतां व तिच्या मुळांचा दुभाग नुकता बनूं लागला असतां पुढची काढली, तर मागची दाढ वर येतां येतां पुढें सरकते व कित्येकदां ती जागा बरीचशी भरून काढते. वरच्या जबड्यांत हें सहज घडतें. खालच्या जबड्यांत वेळ चुकल्यास दाढ कलते व फट राहते. शिवाय अक्कलदाढ हाडांत आहे कीं नाहीं, बाकीचे दांत दाटीवाटीनें आहेत काय, हेंही त्याच चित्रांत पाहावें लागतें. तेव्हां निरुपयोगी दाढ दोन-चार वर्षें कशीबशी रेटून तेराव्या वर्षीं काढणें, यांत राखल्याचें पुण्य नाहीं आणि काढल्याचा लाभही नाहीं. शक्य असेल तेथें दांत सरळ करणाऱ्या तज्ज्ञाचाही सल्ला घ्यावा.

घरगुती उपायांविषयीं थोडें. लवंगेच्या तेलाचा अगदीं लहान बोळा पोकळीत ठेवल्यास तात्पुरता आराम पडतो. तेल हिरडीवर ओघळलें तर ती पोळते. ॲस्पिरिनची गोळी दांताशीं दाबून धरणें हा तर हिरडी जाळण्याचाच प्रकार आहे, आणि मुलांस ती पोटांत देणेंही योग्य नव्हे. दुकानांतून जंतुनाशक गोळ्या आणून दुखणें दडपणारे लोक एक गोष्ट विसरतात : मेलेल्या गरांत रक्त वाहत नाहीं, म्हणून औषध तेथें पोंचतच नाहीं. मुलाच्या गालास वा जबड्याखालीं सूज आली, ताप भरला, तोंड उघडेना अथवा गिळतांना वा श्वास घेतांना त्रास होऊं लागला, तर सकाळची वाट न पाहतां त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. अशी सूज घशाकडे उतरून प्राणावर बेतूं शकते.

खर्चाची अडचण खोटी नाहीं. १९२० सालीं रफीउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास देशांतील पहिलें दंत महाविद्यालय काढलें आणि १९३३ सालीं मुंबईस नायर दंत महाविद्यालय निघालें. आज महाराष्ट्रांत सरकारी व इतर अशीं अनेक महाविद्यालयें आहेत. तेथील रुग्णालयांत शिक्षकांच्या देखरेखीखालीं होणारें काम बहुधा खाजगी दवाखान्याहून स्वस्त पडतें. फेऱ्या मात्र अधिक होतात, हें आधींच मनांत धरून जावें. पालकांनीं डॉक्टरांस विचारावें : ही दाढ दुधाची कीं कायमची ? मुळें पूर्ण झालीं आहेत काय ? राखली तर किती फेऱ्या व किती खर्च, आणि काढली तर त्या जागेचें पुढें काय ?

आणि घरांत सहा-सात वर्षांचें धाकटें भावंड असेल, तर त्याच फेरींत त्यासही बरोबर न्यावें. अमेरिकन दंतशास्त्रज्ञ ब्युओनोकोर यांनीं १९५५ सालीं दांताच्या कवचावर आम्ल लावून त्यावर राळेसारखा लेप पक्का चिकटविण्याची रीत दाखविली. त्या रीतीनें नव्या दाढेच्या चिरा कीड लागण्याआधींच बुजवितां येतात. त्यास ना सुई लागते, ना कोरणें. दाढेचा माथा हिरडीबाहेर पुरता आला कीं हें काम करतां येतें. तोंवर आईनें रात्रीं निजण्यापूर्वीं, फ्लोराइड असलेली वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन, ब्रश गालाकडून आडवा धरून ती मागची ठेंगणी दाढ स्वतःच्या हातानें घासून द्यावी.