वल्हे दंडाने नव्हे, कमरेने मारा



२००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णाकाठी महापूर आले. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटून माणसे दगावली. नाव असते, पण नीट वल्हवणारे हात थोडे. म्हणून या अंकात उसाचा विषय बाजूला ठेवून आम्ही वल्ह्याचा धडा देत आहोत.

१) बैठक : पाठ ताठ ठेवून किंचित पुढे झुका. एक हात वल्ह्याच्या मुठीवर, दुसरा खाली पात्याजवळ.

२) बुडवणे : हात लांबवून पाते पुढे, नावेलगत, पूर्ण बुडवा. अर्धवट बुडवून ओढले तर पाणी नुसते उडते, नाव जागची हलत नाही.

३) ओढ : खोरे ओढताना नुसते दंड वापरणारा गडी लवकर थकतो. इथेही तसेच. कमरेतून वळा, पाठीचा जोर लावा.

४) काढणे : पाते कमरेशी आले की बाहेर काढा. त्यामागे ओढत नेले तर पाणी वर उचलले जाते आणि नाव भलतीकडे वळते. नवशिके चुकतात ते इथेच. आमचीही नाव सुरुवातीला गोल फिरायची.

शिकवताना आधी काठावर बसून हात बसवा, मग जॅकेट घालून संथ पाण्यात उतरा. सगळ्यांनी पुढच्या गड्याचा ताल धरावा. वल्हे कितीही चांगले आले तरी नावेत जादा माणूस घेऊ नये.

पूर आल्यावर शिकू म्हणणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. पावसाळ्याआधीच हात बसवा.

— ऊस विकास अधिकारी